शेवंताआक्काच्या रानात येळवस

चिपळूणच्या स्टँडवर गाडी लागली तरी आमच्या ह्यांचे प्रश्न संपेनात. "जिला एकदाही पाहिलं नाहीस त्या बाईकडे सणाला जायचं म्हणजे काय?" मी म्हटलं, "तिची भाकरी खाल्ली आहे. तेवढी ओळख बस झाली." आणि चटकन चढून खिडकीजवळची जागा पकडली.

ही भाकरीची ओळख आधी सांगायला हवी. आमच्या गावात पुराचं पाणी माळ्याच्या जिन्यापर्यंत चढलं, त्या वर्षीची गोष्ट. पाणी ओसरलं तेव्हा घरात कोरडं म्हणावं असं काही उरलं नव्हतं, काडेपेटीसुद्धा नाही. कुठून कुठून मदतीचे ट्रक येत होते. त्यातल्या एकातून आमच्या वाट्याला जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी आल्या. ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ, वाजणाऱ्या. भाताशिवाय जेवण होत नाही असं आयुष्यभर ठणकावून सांगणारी मी गुडघाभर चिखलात उभी राहून ती भाकरी कुडूमकुडूम खात होते आणि रडत होते. फडक्याच्या काठावर बॉलपेनने फोन नंबर लिहिला होता. दोन दिवसांनी फोन लावला, तर पलीकडून आधी प्रश्न आला, "खाल्ली का भाकर? दात शाबूत हायेत न्हवं?"

ही शेवंताआक्का. धाराशिव जिल्ह्यात, माकणीच्या अलीकडे, तेरणा नदीच्या काठावर तिचं लहानसं गाव. तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं ते आजतागायत. माझ्या मावशीच्या वयाची बाई, पण फोनवर गप्पा मारायला बसली की मैत्रीण. तिच्या म्हशीचं दूध किती आटलं ते मला ठाऊक आणि माझे गुडघे कधी दुखतात ते तिला.

आणि मग गेल्या पावसाळ्यात टीव्हीवर धाराशिवची नावं यायला लागली. फोन लागेना. चौथ्या दिवशी लागला तेव्हा आक्का म्हणाली, "माणसं हायेत, म्हस हाय. रान गेलं."

"पीक गेलं का हो सगळं?"

"पीक न्हाय बाई. रान गेलं. माती धुऊन नेली तेरणामायनं. खाली निस्ता मुरूम राहिला."

खरं सांगते, मला ते तेव्हा समजलंच नाही. आमच्या कोकणात पूर येतो तो चिखल टाकून जातो. जमीनच उचलून नेणारं पाणी माझ्या डोक्यात बसेना. त्यामुळे डिसेंबरात आक्काने "येळवसेला या" म्हटल्यावर मी हो म्हणून टाकलं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. धाराशिव, लातूर या भागात त्या दिवशी अख्खं गाव शेतात जाऊन पूजा करतं आणि तिथेच जेवतं. "तुमच्या रानात करणार ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "उगवलं असलं तर माज्या रानात. न्हाय तर जावंच्या."

काय उगवलं असलं तर, ते काही तिने सांगितलं नाही.

कुंभार्ली घाट चढून गाडी कऱ्हाडला आली तोवर माझी फजिती होऊन चुकली होती. आक्कासाठी कोकमाचं आगळ घेतलं होतं, त्या बाटलीचं झाकण सैल झालं. माझ्या सीटखालून लाल ओघळ निघाला तो थेट कंडक्टरच्या बुटापर्यंत. तो बिचारा दचकलाच. "ताई, कुणाला काय लागलं का?" मी म्हटलं, "काही नाही हो, सरबत आहे." सगळी गाडी हसली. पुढे सोलापूरपर्यंत मला सगळे सरबतवाल्या ताई म्हणत होते.

रात्र सोलापुरात भाचीकडे काढली आणि सकाळी लोहाऱ्याकडची एसटी धरली. नळदुर्ग मागे पडल्यावर खिडकीबाहेर ते दिसू लागलं, जे मला फोनवर समजलं नव्हतं. रस्त्याच्या एका अंगाला कमरेएवढी ज्वारी डोलत होती, करडई फुलात यायच्या बेतात होती. आणि ओढ्याकडच्या अंगाला मात्र पिवळट, खडबडीत, उघडं पडलेलं काहीतरी. दगडांची खाण असावी असं मला वाटलं. शेजारच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "खाण कशाची? रान हाय ते. हितं सोयाबीन व्हतं." बाभळींच्या शेंड्याला, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, चिंध्या आणि काडीकचरा अडकून राहिला होता. पाणी तिथवर गेलं होतं. मी पदर तोंडाला लावला.

फाट्यावर आक्काची सून रेखा न्यायला आली होती. घरात शिरले तर आक्का बाजेवर बसलेली, उजव्या पायाला पांढरंशुभ्र प्लास्टर. फोनवर एका शब्दाने बोलली नव्हती!

"हे काय आक्का?"

"घसरले. सांगितलं असतं तर तुमी दवाखान्याला आल्यागत आला असता, सणाला न्हाय." असं म्हणून तिने माझे दोन्ही हात धरले आणि तोंडावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. तिची बोटं आमच्या जात्याच्या दगडासारखी गुळगुळीत होती. आम्ही दोघी हसलो, मग रडलो, मग रेखाने चहा आणला. त्यात साखर इतकी, की चमचा उभा राहावा. मी निमूट प्यायले.

दुपारच्या जेवणाला भाकरी, शेंगाची चटणी आणि लसणाचा ठेचा. ठेचा मी कोकणातल्या चटणीसारखा चांगला बोटभर घेतला, आणि मग पुढची पाच मिनिटं कुणाशी बोलू शकले नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच दारातून एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आत आले आणि म्हणाले, "या अल्ला, पाहुणीला आल्या आल्या रडवलं व्हय वैनी?" हे हमीदचाचा. आक्काच्या रानाच्या खालच्या अंगाला त्यांचं रान, मध्ये एक बांध. आक्का त्यांना हमीदभाव म्हणते. तिचे मालक गेल्यापासून पेरणी-काढणीला तेच उभे राहतात.

मी विचारलं आणि मग दोघांनी मिळून, एकमेकांचं बोलणं तोडत, पुराची कथा सांगितली.

आक्काच्या रानातली माती वाहिली ती जाऊन साचली चाचांच्या रानात. हिचं रान खरडून गेलेलं, त्यांचं गाळाखाली गाडलेलं. पाणी उतरल्यावर पंचनाम्याला तलाठी मॅडम आल्या. तरुण पोरगी, लातूरकडची. गाडी जाईना म्हणून चपला हातात घेऊन मुरमातून चालत आली. तिने आक्काला तिच्याच रानात उभं करून मोबाईलवर फोटो काढला. मग बांध ओलांडून चाचांना उभं केलं आणि त्यांचा काढला.

"सरकारनं दोघांला बी मदत दिली बघा," चाचा म्हणाले. "वैनीला माती गेली म्हणून, आन मला तीच माती आली म्हणून!"

मला हसू आवरेना. आक्काही हसली. "म्या म्हणलं, देव करतो ते करतो, सरकार बी लई भारी हाय."

पण मदत आक्काच्या खात्यात पडेपर्यंत घोळ झालाच. सेवा केंद्रावरच्या मशीनवर अंगठा उठेना. हा अंगठा लाव, तो लाव, सगळी बोटं लावून झाली. खोबरेल तेल लावून झालं, पदराने पुसून झालं. मशीन आपलं नाहीच म्हणत राहिलं. तीनदा जाऊन परत आली. शेवटी त्या तलाठी मॅडमने कुणाकुणाला फोन करून डोळ्यांवरून ओळख पटवणारं यंत्र कुठे आहे ते शोधलं, स्वतःच्या स्कूटीवर मागे बसवून आक्काला तिथे नेलं, आणि काम झालं.

"ठसे घावणार कुठनं?" चाचा म्हणाले. "जलम गेला भाकऱ्या थापण्यात. वैनीचे ठसे समदे भाकरीवर गेले."

"गेले तर गेले," आक्का म्हणाली. "पर त्या पोरीचं म्या इसरणार न्हाय. आन सरकारचं बी न्हाय. दिलं नसतं तर म्या काय, मुरूम पेरला असता?"

पैसे आले, पण माती काही दुकानात मिळत नाही. तेव्हा चाचांनी डोकं चालवलं. त्यांना नाहीतरी गाळ काढायचाच होता. दोघांच्या मदतीतून एकच जेसीबी आणि दोन ट्रॅक्टर लावायचे. उचलायचं त्यांच्या रानातून आणि टाकायचं हिच्या. हे इतकं सरळ होतं, की गावातल्या शहाण्यांना ते सुचलंच नव्हतं. काही जण चाचांना म्हणालेही, "काळी माती आयती आलीय, ठेवून घे की." चाचांनी मान हलवली. "वैनीची माती माझ्या रानात ठेवून मला झोप यायची व्हय?"

सगळं रान भरलं नाही, तेवढा पैसाही नव्हता आणि वेळही. आंब्याच्या झाडाजवळचा एक तुकडा मात्र नीट भरला. माती इतकी मऊ, ओली, की पेरणीयंत्र रुतायला लागलं. तेव्हा आक्का आणि रेखा खाली बसून हाताने टोकायला लागल्या. अंगठ्याने खड्डा करायचा, हरभऱ्याचे दोन दाणे टाकायचे, माती लोटायची. बसून पुढे सरकायचं, पुन्हा अंगठा. तुकडा पुरा झाला त्याच संध्याकाळी घरी येताना आक्का बांधावरून घसरली, आणि तेव्हापासून तिने रान पाहिलेलं नाही.

"मग उगवलंय की नाही?" मी विचारलं.

"एक नंबर उगवलंय," चाचा म्हणाले.

ते गेल्यावर आक्काने माझ्याकडे पाहिलं. "त्यांचं काय खरं धरू नका. पूर यायच्या आदल्या दिशी बी म्हणले व्हते, काय हुत न्हाय वैनी, निवांत झोपा. माझं मन राखायला काय बी बोलतेत. लोकं म्हणतेत, वाहून आलेली, उलथीपालथी झालेली माती, तिच्यात दाणा कुजतो. रेखाला इचारलं तर ती बी मान खाली घालून 'हाय जरा जरा' म्हणती." तिने पदराने प्लास्टरवरची धूळ झटकली. "लग्न होऊन आले तवापास्नं येळवस त्याच रानात केली बाई. मालक गेले त्या वर्षी सुदिक. हिरवं काय नसलं तर पूजा कशाची करायची? मुरमाची?"

मी म्हटलं, "मी जाऊन बघून येते. पाचच मिनिटं."

"तुमी बी जायचं न्हाय," ती एकदम करड्या आवाजात म्हणाली. "तुमच्या तोंडावर दिसंल मला."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी घरात भज्जीचा वास सुटला. नाव ऐकून माझ्यासारखीला कांदाभजी आठवतात. पण ही भज्जी म्हणजे तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, रानातल्या सगळ्या पालेभाज्या, चिंच आणि बेसन एकत्र शिजवलेला घट्ट प्रकार. सोबत बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), गव्हाची खीर, शेंगाच्या पोळ्या आणि मडक्यात आंबील (ताकात शिजवलेलं ज्वारीचं पेय). एवढा स्वयंपाक पाहून मी विचारलं, "किती माणसं येणार?" रेखा म्हणाली, "वाटंनं जाणारं जे घावंल ते."

चाचा ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॉलीत वाकळ अंथरून आक्काला उचलून बसवलं. मी तिच्या शेजारी, मांडीवर आंबिलाचं मडकं. मागेपुढे सगळं गाव निघालं होतं, बायकांच्या डोक्यावर टोपल्या, पोरं पळतायत, कुत्री पळतायत. आक्काने माझं मनगट धरलं होतं आणि पकड घट्ट होत चालली होती.

गावाबाहेर वाट फुटते. डावीकडे नदीकाठची रानं, उजवीकडे माळ. माळावर तिच्या जावेचं रान, पुराने न शिवलेलं. फाट्याजवळ आक्का एकदम ओरडली, "हमीदभाव, उजवीकडं घ्या! जावंच्याच रानात करू. तिला बरं वाटंल."

चाचांनी मागे वळूनही पाहिलं नाही. ट्रॅक्टर डावीकडे वळवला.

"अवो, ऐकू येतंय का न्हाय?"

"ट्रॅक्टरचा आवाज लई हाय वैनी!" चाचा पुढूनच ओरडले. आता एवढं उत्तर दिलं म्हणजे ऐकू येत होतं की. आक्काने डोळे मिटून घेतले.

आधी मुरूम आला. पिवळा, उघडा, पाण्याने खरवडलेला. मधोमध एक विजेचा खांब अजून वाकून उभा. मग आंब्याचं झाड दिसलं, आणि त्याच्यापुढे काळ्या मातीचा चौकोन. ट्रॅक्टर थांबला. मी आधी पाहिलं आणि माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

आक्काने डोळे उघडले.

काळ्याभोर मातीवर हिरव्या रांगा होत्या. सरळ नव्हत्या, बसून सरकत गेलेल्या माणसाच्या हाताने जशा येतील तशा, मध्येच जवळ, मध्येच लांब. काही ठिकाणी दाणा कुजला होता, तिथे मोकळी जागा होती. पण बाकी सगळीकडे वीतभर हरभरा तरारला होता. जिथे जिथे अंगठा रुतला होता, तिथून तिथून रोप वर आलं होतं.

"घ्या," चाचा म्हणाले. "म्या खोटं बोलतो म्हणं."

आक्काने हात पुढे केले, म्हणजे मला उतरवून घ्या. मांडी घालता येईना तरी प्लास्टरचा पाय लांब करून ती मातीतच बसली आणि जवळच्या रोपावरून तळहात फिरवला. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती पुसत नव्हती. मग आपला उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरून म्हणाली, "मशीननं न्हाय म्हणलं, पर मातीनं वळखला गं बाई."

थोड्या वेळाने तिच्या नजरेस काहीतरी पडलं. हरभऱ्याच्या मधेमधे बारीक पानांची, नाजूक काड्यांची वेगळीच रोपं उभी होती. "हे जवस कुणी टाकलं?"

चाचा कान खाजवू लागले. "टाकलं कुणी न्हाय. मागच्या साली माझ्या रानात जवस व्हतं. तुमची माती उचलली, तवा माझी बी थोडी आली आसंल. निंदून टाकतो उद्या."

"हात लावायचा न्हाय," आक्का म्हणाली. "येऊ दे. किती तुमची आन किती माझी, कुणाला ठाव हाय आता?"

मग पूजेची घाई. कडब्याच्या पेंढ्यांची कोप (खोपटं) आंब्याखाली उभी केली. आक्काचा कडबा वाहून गेला होता, हा चाचांच्या गंजीतला. आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडायचे, ते पांडव. जुने पांडव पुरात गेले होते. चाचांनी गाळ काढताना मिळालेले पाच गोटे धुऊन आणले होते. ते जुनेच असतील, नसतील. कुणी विचारलं नाही. मी मात्र कामाचे दगड समजून त्यावर पिशवी टेकवणार, एवढ्यात रेखाने "काकू, देव हायेत ते!" म्हणून माझा हात धरला. रेखाच्या नवऱ्याने, म्हणजे आक्काच्या मुलाने, तो सोलापूरला कामाला असतो, सकाळीच आला होता, आंबील आणि भज्जी घेऊन शिवाराला फेरी घातली आणि चारी बाजूंना शिंपडत "ओलगे ओलगे, सालम पोलगे" असा पुकारा केला. याचा अर्थ मी तिघांना विचारला. तिघांनी तीन सांगितले, तेव्हा कानडीतून आलंय एवढं समजून मी नाद सोडला. तो आक्काच्या मुरमालाही शिंपडत गेला, एकही कोपरा सोडला नाही.

पंगत बसली. वाटेने जाणारा दूधवाला, दोन अनोळखी मोटरसायकलवाले, सगळ्यांना हाका मारून बसवलं. थंडगार आंबील घशाखाली गेलं आणि माझ्या कालच्या ठेच्याची आग तेव्हा कुठे विझली. मी भज्जी तीनदा मागून घेतली, भात आठवलाही नाही. माझं उरलेलं आगळ पाण्यात घालून सगळ्यांना दिलं. चाचा पिऊन म्हणाले, "आंबट हाय, पर नियत चांगली हाय."

ऊन कलता कलता स्कूटीवरून एक मुलगी आली. आक्काने लांबूनच ओळखलं. "आली गं माझी बाय!" त्याच तलाठी मॅडम. आक्काने स्वतः फोन करून बोलावलं होतं. तिला आपल्याशेजारी बसवून, नको नको म्हणताना ताटात दोन उंडे वाढले.

"आजी, सकाळपासून आठव्या रानात जेवतेय मी," ती काकुळतीने म्हणाली.

"हे तुजं रान हाय. हितं जेवाय लागतंय."

ती जेवली. जेवून उठली आणि म्हणाली, "आजी, तिथं उभ्या राहता का? तेव्हा राहिला होतात तिथंच." चाचांनी आणि मी दोन्हीकडून धरून आक्काला हरभऱ्यात उभं केलं. मॅडमने मोबाईल काढला.

"ह्यो फोटू कशाला? पुन्ना पंचनामा हाय का?"

"नाही हो. हा माझ्यासाठी." आणि ती पोरगी फोटो काढताना मोबाईलच्या मागे डोळे पुसत होती, ते मी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी निघाले. आक्काने जुन्या लुगड्याचं फडकं बांधून दिलं, कडक भाकरींचं. "ह्यांना द्या तुमच्या. म्हणावं, आमी दिसाय बऱ्या हाव." परतीच्या वाटेवर ती खरवडलेली रानं पुन्हा दिसली. अजून कितीतरी रानं तशीच पडली आहेत, त्यांचं सगळं काही मदतीने भागलेलं नाही, हे दिसत होतं. तरी या वेळी मी खाण म्हटलं नाही. कुठे ट्रॅक्टर चालताना दिसला की हात जोडावेसे वाटले, आणि दोनदा जोडलेही.

आता या गोष्टीला बरेच दिवस झाले. भाकरी पुरवून पुरवून खाल्ल्या, काल शेवटची उरली. खिडकीशी उजेडात धरली तर तिच्यावर कडेपासून मधोमधपर्यंत बोटांचे ठसे उमटलेले, एकाला एक लागून. पहिल्या पुरात चिखलात उभी राहून खाल्ली तेव्हा मला हे दिसलं नव्हतं. आमचे हे म्हणाले, "काय बघतेस एवढं?" मी त्यांच्या हातात भाकरी दिली. त्यांनीही ती उजेडात धरली. मग अर्धी मोडून मला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली.

तेवढ्यात फोन वाजला.

"हरभऱ्याला फुलं लागली बाई," आक्का सांगत होती, "आन जवसाला बी. हमीदभावची निळी हायेत." माझ्या दाताखाली भाकरीचा तुकडा कुडूमकन वाजला. तिकडून तिने लगेच विचारलं, "काय खाताय? भाकर का? दात शाबूत हायेत न्हवं?"